तीन लॅब, एक वही: ब्लॉकचेन स्वतः लिहून बघतानाच्या प्रकल्प नोंदी

२ जून

तीन लॅबमध्ये मिळून चाळीसेक उपकरणं आपापसात फिरतात, ऑसिलोस्कोप, मायक्रोस्कोप, वजनकाटे, फंक्शन जनरेटर वगैरे, आणि प्रत्येक लॅबची एक्सेल शीट वेगळी. भांडण ठरलेलं. आम्ही परत दिलं, नाही तुम्ही दिलंच नाही, आणि शीट उघडून बघावी तर ज्याची शीट त्याच्याच बाजूने बोलते. मागच्या मिटिंगमध्ये कुणीतरी "ब्लॉकचेनवर टाकूया ना" म्हणालं, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि नक्की कशावर काय टाकायचं हे मला वाटतं एकालाही माहीत नव्हतं. मलापण नव्हतं. पण मिटिंगमध्ये लॅपटॉप माझाच उघडा होता म्हणून काम माझ्या गळ्यात.

ठरवलंय की तयार प्लॅटफॉर्मला लगेच हात लावायचा नाही. आधी पायथनमध्ये स्वतः एक छोटी चेन लिहायची, ती मोडून बघायची, आणि मग तोंड उघडायचं. मित्र मदतीला आहे, नेटवर्कचा भाग तो बघणार.

रात्री बिटकॉइन काढणाऱ्या सातोशी नाकामोतोचा पेपर वाचला, ३१ ऑक्टोबर २००८ चा. पानं फक्त ९. गंमत म्हणजे त्यात "ब्लॉकचेन" हा शब्दच नाही, ब्लॉक आहे, चेन आहे, पण जोडून कुठेच नाही. आणि शेवटी जे ८ संदर्भ दिलेत त्यातले ३ हेबर आणि स्टॉर्नेटा या दोघांचे आहेत, ज्यांनी १९९१ मध्येच डिजिटल कागदाला तारखेचा शिक्का कसा मारायचा यावर लिहून ठेवलं होतं. म्हणजे २००८ ला सगळं आकाशातून पडलं असं नाहीये.

४ जून

आज फक्त हॅश. हॅश म्हणजे कितीही मोठा मजकूर टाका, बाहेर ठरलेल्या लांबीचा ठसा येतो. एसएचए-२५६ चा ठसा २५६ बिटांचा, लिहून काढला तर ६४ अक्षरं, त्यात ० ते ९ आणि ए ते एफ. इंग्रजीत हेलो लिहून बघितलं, पहिलं अक्षर लहान ठेवलं तर ठसा २सीएफ२४डीबीए ने सुरू होतो, तेच एक अक्षर मोठं केलं तर १८५एफ८डीबी३. पुढचं एक अक्षरपण एकमेकांवरून ओळखू येत नाही. आणि ठशावरून उलटं मजकुराकडे जायची वाट नाही, वेगवेगळे मजकूर टाकून बघत बसणं एवढंच हातात.

ब्लॉक असा ठेवलाय: क्रमांक, वेळ, नोंदींची यादी, मागच्या ब्लॉकचा हॅश, आणि या सगळ्याचा मिळून स्वतःचा हॅश. बस. प्रत्येक पानावर मागच्या पानाचा ठसा असलेली वही. पहिल्या ब्लॉकला मागे कोणीच नाही म्हणून तिथे नुसती शून्यं भरली, आणि त्यासाठी कोडमध्ये वेगळा इफ टाकावा लागला तेव्हा जरा लाजच वाटली, पण बिटकॉइनचा पहिला ब्लॉक, ३ जानेवारी २००९ चा, तोही असाच सावत्र आहे, त्यातले ५० बिटकॉइन कोडच्या रचनेमुळे कधीच खर्च करता येत नाहीत. मग ठीक आहे.

५ जून

चेन झाली. १२ ब्लॉक टाकले आणि मग मुद्दाम ब्लॉक ३ मध्ये जाऊन "मायक्रोस्कोप लॅब १ कडे" चं "लॅब २ कडे" केलं. तपासणी चालवली, लगेच बोंब, ब्लॉक ३ चा हॅश जुळत नाही. भारी वाटलं. अर्धा तास सगळ्यांना स्क्रीनशॉट पाठवत होतो.

मग मित्राने शांतपणे विचारलं, "अरे पण तू ३ चा हॅश नवीन काढून ठेवलास तर?" तर ब्लॉक ४ मधला मागचा हॅश चुकतो. "मग ४ चा पण काढ." मग ५ चा. मग एक लूप लिहिला, ३ पासून १२ पर्यंत सगळे हॅश परत काढणारा, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत अख्खी चेन परत हिरवी. खोटी नोंद आत, तपासणी पास, कुठे ओरखडासुद्धा नाही.

हे जे सगळीकडे "बदलता येत नाही" म्हणून सांगतात ना, ते साखळीमुळे नाहीये. साखळी एकट्याच्या लॅपटॉपवर असेल तर ती आपल्या एक्सेल शीटपेक्षा फारतर दहा ओळींच्या कोडने सुरक्षित. साखळीमुळे एवढंच होतं की कुठेही बोट लागलं तर शेवटचा ठसा बदलतो. तो जुना शेवटचा ठसा दुसऱ्या कुणाकडे तरी असायला हवा, तर बदल पकडला जाणार. वहीत ठळक लिहून ठेवलंय हे.

७ जून

प्रूफ ऑफ वर्क. म्हणजे ब्लॉकमध्ये एक फालतू आकडा ठेवायचा, नॉन्स, आणि तो बदलत बदलत हॅश काढत राहायचा जोवर हॅशच्या सुरुवातीला ठरवलेली शून्यं येत नाहीत. लॉटरीच आहे. ही युक्ती मुळात स्पॅम मेल रोखायला निघाली होती, अ‍ॅडम बॅकचं हॅशकॅश, १९९७. मेल पाठवणाऱ्याने आधी थोडा घाम गाळावा, हजारो मेल एकदम मारणाऱ्याला ते परवडू नये.

माझ्या लॅपटॉपवर: चार शून्यं मागितली तर सरासरी ६५,५३६ प्रयत्न, अर्धा सेकंदही लागत नाही. पाच शून्यं, १०,४८,५७६ प्रयत्न, आठ-दहा सेकंद. सहा शून्यं म्हणजे १,६७,७७,२१६, इथे पंख्याचा आवाज यायला लागला. आणि सरासरी हा शब्द किती फसवा आहे ते इथे कळलं, एकदा सहा शून्यंवाला ब्लॉक पाच सेकंदात सापडला आणि पुढचा सापडेपर्यंत मी उठून दुसरं काम करून आलो. मागे किती वेळ घालवलाय याचा पुढच्या प्रयत्नाशी काही संबंध नाही, नाणं विसरतं.

पण तपासणं? एक हॅश. काढायला पावणेदोन कोटी, तपासायला एक. पेपरातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. आता ३ ते १२ परत लिहायचे तर प्रत्येकासाठी परत तेवढाच घाम, आणि तेवढ्यात बाकीचे लोक पुढचे ब्लॉक जोडत असणार.

८ जून

अवघडपणा आपोआप कमीजास्त करायचा भाग लिहिला. शून्यं मोजली की पायरी एकदम सोळापट पडते म्हणून हॅशला सरळ एक मोठा आकडा धरला आणि तो ठराविक आकड्यापेक्षा लहान असला पाहिजे असं केलं, खरं बिटकॉइनही असंच करतं. दर १० ब्लॉकनी बघायचं किती वेळ लागला, आणि ब्लॉकमागे २० सेकंद यावेत असं लक्ष्य हलवायचं. पण सरासरी येतीये २२ च्या आसपास, काही केलं तरी. दोन तास घालवले. शेवटी कागदावर दहा रेघा मारल्या आणि कळलं की दहा रेघांमध्ये फटी नऊच असतात. मी वेळ मोजत होतो नऊ फटींचा आणि भागत होतो दहाने.

कपाळावर हात मारला, पण नंतर वाचलं तर बिटकॉइनमध्ये हीच चूक आहे! तिथे दर २०१६ ब्लॉकनी, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी, अवघडपणा बदलतो आणि मोजला जातो २०१५ फटींचा वेळ. फरक नगण्य म्हणून तसंच ठेवलंय, कारण दुरुस्त करायचं तर जगातल्या सगळ्यांनी एकदम नियम बदलायला हवा. मी माझी दुरुस्त केली, माझ्या नेटवर्कमध्ये मी एकटाच आहे.

९ जून

काही केलं नाही.

११ जून

आजचा दिवस एका अक्षराने खाल्ला.

मित्राने तीन नोड उभे केले, तीन मशीनवर, एकाने ब्लॉक बनवला की बाकीच्या दोघांना पाठवायचा, त्यांनी तपासून स्वतःच्या प्रतीत जोडायचा. टेस्टसाठी इंग्रजीत काहीबाही टाकत होतो तोवर सगळं लोण्यासारखं चाललं. मग खरी नोंद टाकली, शेऱ्यात "दुसऱ्या लॅबकडे", आणि नोड २ म्हणाला हॅश चुकीचा. "पहिल्या लॅबकडे" टाकलं, चालतंय. "तिसऱ्या", नाही चालत. मला वाटलं काना-मात्रा मोजायची काहीतरी भानगड असेल, मग वाटलं जेसनमध्ये, म्हणजे नोंद पाठवायच्या फॉरमॅटमध्ये, फील्डचा क्रम बदलतोय (तोही लफडाच होता, पण तो आधीच सॉर्ट लावून मिटवला होता), मग वाटलं नेटवर्कवर बाइट गळतायत.

शेवटी दोन्हीकडे शेऱ्याची लांबी छापली. एकीकडे १५, एकीकडे १४. दिसायला अगदी तेच शब्द! तर झालं असं की युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला कोड देणाऱ्या पद्धतीत, "ऱ" दोन तऱ्हेने लिहिता येतो, एक म्हणजे अख्खा ऱ म्हणून एकच कोड, दुसरा म्हणजे साधा र आणि त्याखाली नुक्ता असे दोन कोड. मी जिथून शेरा कॉपी केला तिथे दोन कोडवाला होता. आणि नोड २ वर मित्राने शोधणं सोपं व्हावं म्हणून आत येणारा सगळा मजकूर एनएफसी नावाच्या साच्यात घालून घ्यायची ओळ टाकलेली, त्यामुळे दोनाचा एक झाला. डोळ्याला काडीचा फरक नाही, हॅशला जमीन-अस्मानाचा.

आता नियम: मजकूर साच्यात घालायचा तो नोंद करतानाच, हॅश काढायच्या आधी, आणि त्यानंतर कुणीही त्याला हात लावायचा नाही. वेळेचंही तसंच, सगळीकडे यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, आणि पूर्ण सेकंद, पॉइंटनंतरचे आकडे उडवले. "सगळ्यांकडे सेम डेटा आहे" हे म्हणायला चार शब्द लागतात, करायला आख्खा दिवस लागला, आणि हे तीन मशीनवर, ओळखीच्या माणसांच्यात.

१४ जून

फाटा फुटला. फोर्क. मुद्दामच फोडला, नोड ३ चं वायफाय बंद करून. तो तिकडे एकटा एक ब्लॉक बनवून बसला, इकडे बाकी दोघांनी दोन बनवले. वायफाय चालू केल्यावर नियमाप्रमाणे लांब चेन जिंकली (नीट सांगायचं तर जिच्यात जास्त काम ओतलंय ती) आणि नोड ३ ने स्वतःचा ब्लॉक टाकून दिला. बरोबरच आहे. फक्त त्या टाकलेल्या ब्लॉकात "मायक्रोस्कोप परत मिळाला" ही नोंद होती आणि ती हवेत विरली, तिन्ही ठिकाणी नाही, जशी कधी नव्हतीच. टाकलेल्या ब्लॉकातल्या नोंदी परत रांगेत घालायच्या असतात हे मी विसरलो होतो. वीस ओळींचं काम, पण तसंच राहिलं असतं तर लॅबमध्ये परत तेच भांडण आणि या वेळी "ब्लॉकचेनमध्ये पण नाहीये बघा" असा पुरावा.

म्हणूनच बिटकॉइनवाले आपला धरून सहा ब्लॉक साचेपर्यंत थांबा म्हणतात, ब्लॉकला १० मिनिटं धरली तर तासभर. मला आधी ती उगाच सावधगिरी वाटायची.

मार्च २०१३ मध्ये खऱ्या बिटकॉइनलाही असाच फाटा फुटला होता. नवीन ०.८ व्हर्जनने आतला डेटाबेस बदलला, जुन्या डेटाबेसला एका मोठ्या ब्लॉकची कुलपं पेलली नाहीत, मग नवीनवाले म्हणतात ब्लॉक बरोबर, जुनेवाले म्हणतात चूक, आणि दोन चेन वाढायला लागल्या. सुटलं कसं तर माणसं ऑनलाइन एकमेकांशी बोलली आणि मोठ्या मायनरनी (घाम गाळून ब्लॉक बनवणारे ते मायनर) स्वतःचं नुकसान सोसून जुन्या व्हर्जनवर परत यायचं कबूल केलं. गणिताने नाही सोडवलं, चर्चेने सोडवलं. हे मला फार इंटरेस्टिंग वाटतं.

१६ जून

सह्या. आत्तापर्यंत कुणीही कुणाच्याही नावाने नोंद टाकू शकत होतं. आता प्रत्येक लॅबला चाव्यांची जोडी, गुप्त चावीने सही करायची, उघड चावीने कुणीही तपासायची. एड२५५१९ ही सहीची पद्धत वापरली, चावी ३२ बाइट, सही ६४ बाइट, लायब्ररी तयार आहे, स्वतः लिहायच्या फंदात पडलो नाही आणि कुणी पडू नये.

सकाळी चाव्या बनवल्या, दुपारी टेस्टचं फोल्डर साफ करताना लॅब ३ ची गुप्त चावी उडवली. रिसायकल बिनमध्येपण नाही कारण टर्मिनलवरून उडवली. मग लक्षात आलं की इथे "पासवर्ड विसरलात?" नाहीये. ज्याच्याकडे चावी तोच लॅब ३, चावी गेली म्हणजे लॅब ३ मेली. आम्हाला नियम करावा लागला की बाकी दोन लॅबनी मिळून सही केली तर तिसरीची नवी चावी मान्य, आणि लगेच पुढचा प्रश्न, त्या दोघी संगनमत करून तिसरीला बाहेर काढू शकतात की. हो. शकतात.

१८ जून

लॅबच्या मॅडमना डेमो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पंख्याचा आवाजही ऐकला, आणि विचारलं, "हे मशीन एवढं का घुमतंय?" मी सांगितलं, मॅडम, ब्लॉक बनवायचा हक्क कुणाला मिळावा यासाठी कोडं सोडवतंय. "पण ब्लॉक बनवणारे आपण तिघेच ना? आणि तिघांची नावं आपल्याला माहीत आहेत. मग पाळी लावा की."

गप्पच झालो. प्रूफ ऑफ वर्क लागतं ते जिथे कोण येतंय-जातंय याचा पत्ता नाही, एकजण हजार खोटी नावं घेऊन हजार मतं टाकू शकतो, तिथे. नाव फुकट बनतं, वीज फुकट मिळत नाही, म्हणून मत विजेला. आमच्याकडे तीन दारं आणि तिन्हींवर पाट्या. सगळा मायनिंगचा भाग काढून टाकला, पाळी लावली. आठवड्याचं काम गेलं पण शिकलो तर. इथेरियम या दुसऱ्या मोठ्या ब्लॉकचेननेही १५ सप्टेंबर २०२२ ला मायनिंग सोडलं, तिकडे आता स्वतःचं इथर (तिथलं नाणं) अडकवून ठेवणाऱ्यांना पाळी मिळते आणि लबाडी केली तर अडकवलेल्यातून कापतात, विजेचा वापर ९९ टक्क्यांहून जास्त उतरला.

मॅडमचा दुसरा प्रश्न जास्त जिव्हारी लागला. "तिघांत एक फितूर निघाला तर?" लॅम्पोर्ट, शोस्टाक आणि पीझ यांचा १९८२ चा बायझंटाईन सेनापतींचा पेपर याच प्रश्नाचा. वेढा घातलेले सेनापती, निरोप्यांवर भिस्त, त्यात एक गद्दार, एकाला सांगतो हल्ला करा, दुसऱ्याला सांगतो मागे फिरा. साध्या तोंडी निरोपांवर तिघांत एक गद्दार असेल तर प्रामाणिक दोघांना काही केल्या खात्री पटत नाही, चार लागतात. आजच्या या जातीच्या बहुतेक सिस्टीममध्ये हाच हिशोब चालतो, एक फितूर पचवायला चार नोड, दोन पचवायला सात. आम्ही तीन. म्हणजे आमची फितूर पचवायची ताकद शून्य, सहीमुळे फारतर नंतर दाखवता येईल की कोणी दोघांना दोन वेगळे ब्लॉक दिले. मॅडम म्हणाल्या, "नंतर दाखवता आलं तरी पुष्कळ आहे हो." हे पण लिहून ठेवलं.

२१ जून

स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट करून बघितलं. नाव मोठं, आहे साधं, चेनवरच ठेवलेला नियम जो सगळे नोड तसाच चालवतात. निक साबो याने ही कल्पना ९० च्या दशकात मांडली तेव्हा उदाहरण नाणं टाकून वस्तू देणाऱ्या मशीनचं दिलं होतं, मध्ये माणूस नाही, नाणं टाकलं की मिळणार. आमचा नियम: १४ दिवसांत उपकरण परत नाही तर त्या लॅबला पुढचं मिळणार नाही.

पहिली अडचण, १४ दिवस झाले हे सांगणार कोण? ब्लॉकवरची वेळ, आणि ती लिहिणारा ब्लॉक बनवणारा. बिटकॉइनमध्येही वेळ दोन तासांपर्यंत पुढची चालते, घड्याळ म्हणून त्यावर फार विसंबू नये. दुसरी अडचण खरी. वजनकाटा कॅलिब्रेशनला बाहेर गेलेला, बाहेरचे लोक तीन आठवडे घेतात, नियमाने लॅब २ ला कुलूप घातलं आणि सांगायला जायचं कोणाला? नियमाला कान नसतात.

द डाओचं प्रकरण मला आता नीट कळलं. १७ जून २०१६, इथेरियमवर द डाओ नावाच्या, लोकांचे पैसे एकत्र ठेवलेल्या मोठ्या कॉन्ट्रॅक्टमध्ये पैसे परत देताना आधी पैसे पाठवायचे आणि नंतर खात्यातून वजा करायचे असा क्रम होता. कुणीतरी वजा व्हायच्या आधीच परत मागायला लावलं, परत, परत, आणि सुमारे ३६ लाख इथर बाहेर वळवले. कोड जसा लिहिला होता तसाच चालला, म्हणजे चोरी म्हणायची की नाही यावरच वाद. २० जुलैला बहुतेकांनी मिळून नियमच बदलला आणि ते इथर परत फिरवलं, ज्यांना ते पटलं नाही ते जुन्या चेनवर राहिले, तीच आजची इथेरियम क्लासिक. तर काळ्या दगडावरची रेघ पुसली जाते, पुसणारे पुरेसे असले की.

कॉन्ट्रॅक्ट काढून टाकलं. १४ दिवस झाले की मेल जातो. बस.

२४ जून

लॅब १ ने ऑसिलोस्कोप १४१ दिल्याची नोंद टाकली, लॅब २ ने १४१ मिळाल्याची सही केली, तिन्ही नोडनी ब्लॉक तपासला, हॅश बरोबर, सह्या बरोबर, क्रम बरोबर. आणि जो ऑसिलोस्कोप टेबलावर येऊन पडला तो ११४. स्टिकर घाईत वाचलं, समोरच्याने नोंद बघून ओके केलं, डबा उघडलाच नाही.

आता ही चुकीची नोंद तिन्ही मशीनवर अजरामर आहे. वर आम्ही उलट नोंद टाकली, जमाखर्चात करतात तशी, खाडाखोड नाही, खाली दुरुस्ती. ते ठीक. पण जे मला दोन आठवडे नुसतं वाटत होतं ते आज टेबलावर दिसलं: चेनला ऑसिलोस्कोप दिसत नाही. तिला दिसतात तीन आकडे आणि दोन सह्या. लिहिल्यावर बदललं का एवढंच ती सांगणार, लिहिलं ते खरं होतं का हे डबा उघडणाऱ्यालाच माहीत. जिथे वस्तू चेनच्या आतच जन्मते, बिटकॉइनसारखी, तिथे हा प्रश्न येत नाही, नोंद हीच वस्तू. बाहेरच्या जगातलं काहीही आलं, माल, जमीन, डिग्री, तापमान, की दारावर एक माणूस नाहीतर सेन्सर बसवावा लागतो, आणि भरवसा परत त्याच्यावर. ब्लॉकचेनच्या वापरांची कुठलीही यादी वाचताना आता मी आधी तो दारावरचा माणूस शोधतो.

नियम बदलला: घेणाऱ्याने नंबर स्वतः टाईप करायचा, समोरच्याने टाकलेला दाखवायचाच नाही. दोन्ही जुळले तर नोंद. याला ब्लॉकचेन लागत नाही.

२६ जून

एका विद्यार्थ्याने सांगितलं शेऱ्यातून माझं नाव आणि फोन नंबर काढा. काढता येत नाही, तोच तर पॉइंट आहे ना या सगळ्याचा! त्याचं म्हणणं अर्थातच बरोबर होतं. टेस्टची चेन म्हणून पहिल्यापासून पुसून परत बनवली.

यापुढे नाव चेनवर नाही, फक्त हॅश. पण नुसत्या फोन नंबरचा हॅशपण उपयोगाचा नाही, दहा आकडी नंबर एकूण हजार कोटी, सगळे हॅश करून जुळवून बघणं आजच्या मशीनला जड नाही. म्हणून प्रत्येक नोंदीला वेगळा लांबलचक रॅंडम आकडा जोडून मग हॅश, आणि तो आकडा चेनबाहेर. कुणी पुसायला सांगितलं की आकडा पुसायचा, चेनवर उरतो तो निरर्थक ठसा.

२८ जून

इतरांनी काय केलं ते वाचलं, उद्याच्या मिटिंगसाठी. मर्स्क ही जहाज कंपनी आणि आयबीएमचं ट्रेडलेन्स, जहाजी मालाची कागदपत्रं चेनवर, २०१८ ला वाजतगाजत जाहीर झालं, नोव्हेंबर २०२२ ला बंद करत असल्याचं सांगितलं, कारण त्यांनीच दिलं की सगळ्या उद्योगाचं हवं तसं सहकार्य मिळालं नाही. त्याच महिन्यात ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजाराने सौदे पुरे करायची जुनी सिस्टीम ब्लॉकचेनवर न्यायचं काम मध्येच थांबवलं, वर्षानुवर्षं चाललेलं.

आणि गाजावाजा न करता चाललेलं काय, तर सर्टिफिकेट ट्रान्सपरन्सी. २०११ मध्ये डिजीनोटार नावाच्या, वेबसाइट खरी असल्याची सर्टिफिकेटं देणाऱ्या डच कंपनीत घुसून कुणीतरी गूगलच्या नावाची खोटी सर्टिफिकेटं काढली, त्यानंतर गूगलच्या लोकांनी ही कल्पना पुढे आणली, वेबसाइटची सर्टिफिकेटं अशा उघड यादीत जायला हवीत जिच्यात फक्त खाली जोडता येतं. आत मर्कल ट्री, हॅशच्या जोड्यांचे हॅश, त्यांच्या जोड्यांचे हॅश, वर एकच ठसा. लाखो नोंदींत आपली एक आहे हे वीसेक हॅशमध्ये दाखवता येतं. नाणं नाही, मायनिंग नाही, आणि ब्राउझर रोज वापरतोय. कोडमधले बदल सांभाळणारं गिटही त्याच घराण्यातलं, प्रत्येक कमिटमध्ये, म्हणजे नोंदवलेल्या बदलात, मागच्याचा हॅश, २००५ पासून, कुणी त्याला ब्लॉकचेन म्हणत नाही.

हेबर आणि स्टॉर्नेटा तर सगळ्यांच्या वरताण. त्यांच्या श्युरिटी कंपनीने १९९५ पासून दर आठवड्याच्या शिक्क्यांचा एकत्रित हॅश न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापायला सुरुवात केली, छोट्या जाहिरातींच्या रकान्यात. आता खोटं करायचं तर जगभरच्या घराघरातले आणि लायब्ररीतले पेपर बदलावे लागतील. ५ जूनची माझी ठळक ओळ, तीच. शेवटचा ठसा दुसऱ्या कुणाकडे तरी हवा.

२९ जून

मिटिंग. मी म्हणालो पूर्ण ब्लॉकचेन आपल्याला नको. कोण ब्लॉक बनवणार यावर एकमत घडवायची सगळी यंत्रणा लागते ती अनोळखी गर्दीत, आपण तिघे आहोत आणि एकमेकांचे फोन नंबर आहेत. आपला रोग एवढाच की नंतर शीट बदलली जाते आणि पकडता येत नाही. त्याला सही केलेली, हॅशने जोडलेली, फक्त खाली वाढणारी एकच वही पुरते, तिन्हीकडे प्रत, आणि रोजचा शेवटचा हॅश एकमेकांना. एकाचा चेहरा पडला, त्याला अहवालात ब्लॉकचेन हा शब्द हवा होता. मी म्हटलं घाला, चेन आहेच आत, कोणी विचारलं तर माझ्याकडे पाठवा.

५ जुलै

चालू झालं. चौदाशे ओळींचा कोड होता, आता तीनशेच्या आत आहे, मित्राला त्याचा नेटवर्कचा भाग गेल्याचं वाईट वाटतंय.

संध्याकाळी प्रत्येक लॅब फोनवर आपल्या शेवटच्या हॅशची शेवटची आठ अक्षरं वाचते आणि तिन्हीकडे भिंतीवरच्या कागदावर पेनाने लिहिली जातात. मेल पण जातो, पण मॅडम म्हणाल्या मेल माझ्याच मशीनवर येतो, भिंतीवरचा कागद मशीनमध्ये नाही, ते मला पटलं. पहिल्याच दिवशी गोंधळ, फोनवर बी, सी, डी, ई सगळं सारखंच ऐकू येतं, "डी का?" "नाही हो, बी, बी!" असं पाच मिनिटं चाललं. मग मॅडमनीच तोडगा काढला, आता ए म्हणजे एडका, बी बदक, सी ससा, डी डमरू, ई ईडलिंबू, एफ फणस.

आजचा ठसा: चार, बदक, नऊ, फणस, फणस, दोन, शून्य, एडका. तिन्हीकडे जुळला.